डबे वेगळे असूनही कचरा परत का येतो?

प्रश्न : पुण्यात कोथरूडला आमची ८४ सदनिकांची सोसायटी आहे. यंदा कचऱ्याचं काम समितीने माझ्या गळ्यात घातलं. घरोघरी हिरवा आणि निळा डबा आहे, तरी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दर दोन-तीन दिवसांनी कुणाचा तरी डबा तसाच ठेवून जातात आणि भांडण माझ्या दारात येतं. दुधाच्या पिशव्या, ज्यूसचे खोके, वेफर्सची पाकिटं, पॅड, डायपर, जुनी औषधं, प्रत्येक वस्तूवर प्रत्येकाचं मत वेगळं. त्यात खतखड्ड्यांना वास येतोय, अळ्या झाल्यात. समितीतले काही जण म्हणतात, आपला कचरा शंभर किलोच्या आत आहे, नियम आपल्याला लागूच नाही. खड्डे बुजवून गाड्या लावू. काय करावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : खड्डे बुजवायचा ठराव आधी थांबवा, कारण समितीने नियम अर्धाच वाचलेला दिसतो. २०१६ च्या घनकचरा नियमांच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ आले. ‘मोठा कचरा निर्माता’ कोण, हे ठरवायला त्यांत तीन निकष आहेत आणि त्यांतला कुठलाही एक लागू पडला तरी पुरे : चटई क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा जास्त, रोजचा पाणीवापर ४० हजार लिटर किंवा जास्त, रोजचा कचरा १०० किलो किंवा जास्त. तुमच्याकडे ८४ घरं. घरटी चार माणसं धरली तर ३३६ डोकी. माणशी दिवसाला १३५ लिटर, हा पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत धरतात तोच आकडा घेतला, तर ४५,३६० लिटर होतात. म्हणजे कचऱ्याच्या काट्यावर सुटलात तरी पाण्यात सापडलात. हा अंदाज झाला. मीटरचं रीडिंग, टँकरच्या पावत्या आणि बोअरचा उपसा एकत्र करून खरा आकडा काढा आणि तो सभेपुढे ठेवा. शिवाय शंभर किलो म्हणजे ओला, सुका सगळा मिळून. सोसायट्या बहुतेक वेळा फक्त ओल्या कचऱ्याचे ड्रम मोजतात आणि ‘पन्नासच भरतो’ म्हणून निश्चिंत होतात. सलग सात दिवस सगळा कचरा तोला, त्यात रविवार आलाच पाहिजे.

मोठ्या निर्मात्याने ओला कचरा शक्य तिथवर आवारातच जिरवायचा. ते खरोखर शक्य नसेल तर तेवढ्यापुरतं प्रमाणपत्र घेण्याची सोय नियमांत आहे. पण बांधलेले खड्डे हाताशी असताना ‘पार्किंग हवं आहे’ ही अशक्यता कुणी मान्य करणार नाही. मंजूर नकाशाही काढून पाहा. खतखड्डे त्यात दाखवलेले असतील तर ते परस्पर बुजवणं हा वेगळाच गुंता. आणि पुणे महापालिका खतप्रकल्पासाठी मालमत्ता करात ५ टक्के सवलत देते, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणही असेल तर १० टक्के. सदस्य ती घेत असतील तर प्रकल्प चालू असायलाच हवा. खजिनदारांना हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा लवकर पटेल.

आता डबा परत का येतो ते. पुण्याच्या बऱ्याच भागात दारोदार कचरा गोळा करण्याचं काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून करते. तिच्यामागची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ सालची. या मावशींच्या कमाईचे दोन भाग. एक घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क, दुसरा सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. वरणाचं पाणी लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतला तर भाव पाडून घेतो. दह्याचा डबा न विसळता निळ्या डब्यात गेला की त्याच्याबरोबरचा सगळा कागद बाद. त्या डबा ठेवून जातात तो आकसाने नव्हे. त्या डब्यात त्यांची मजुरी बुडालेली असते, शिवाय तो पुढे हातांनी निवडायलाही त्यांनाच लागतो.

तुमच्याकडे लोक वस्तूचं नाव बघून डबा ठरवतात. ठरवायचा तो वस्तूची अवस्था बघून. सुका कचरा सुका राहिला पाहिजे, एवढं एक कलम पाळलं गेलं तरी निम्मी भांडणं मिटतील. रंग त्यानंतर.

दुधाची पिशवी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चुकणारी. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, लटकता ठेवा. सुटे त्रिकोण कुणाच्याही हाती लागत नाहीत. ते ओल्या कचऱ्यात जातात आणि खत चाळताना शेकड्यांनी निघतात. पिशवी उभी चिरून घोटभर पाण्यात विसळा, ते पाणी कुंडीत ओता, पिशवी सिंकच्या कडेला उलटी अडकवा. वाळली की वास येत नाही आणि आठवड्याच्या साठवून एकगठ्ठा देता येतात. हे चांगल्या प्रतीचं, विकलं जाणारं प्लास्टिक आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सरकारने दुधाची पिशवी किमान ५० पैशांना परत घेण्याची तरतूद केली होती. ती पन्नास पैशांची पिशवी परत घेणारा दुकानदार शोधत बसू नका.

ज्यूस-ताकाच्या खोक्यात साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के प्लास्टिक आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे तो रद्दीत जात नाही, पण त्याचा स्वतंत्र पुनर्वापर होतो. स्ट्रॉ काढा, विसळा, चारही कान उघडून चपटा करा. वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांना आतून चांदी दिसते म्हणून लोक त्यांना फॉइल समजतात. मुठीत चुरगळून पाहा : चुरगळलेलं तसंच राहिलं तर ॲल्युमिनियम फॉइल, ते स्वच्छ असेल तर भंगारात विकलं जातं. परत उलगडलं तर अनेक थरांचं प्लास्टिक. त्याला भंगारात भाव नाही, ते सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून जातं. तरीही द्यायचं सुक्यातच, पण सगळी पाकिटं एका मोठ्या पाकिटात कोंबून, म्हणजे मावशींना एकेक वेचावं लागत नाही.

पिझ्झाच्या खोक्याचं झाकण फाडून वेगळं करा, ते पुठ्ठ्यात. तेलकट तळ तुकडे करून ओल्यात, खड्ड्याला तो चालतो. वापरलेले टिश्यूही ओल्यातच. कागदी कप मात्र कागद नव्हे, आतून प्लास्टिकचा लेप असतो. विसळून सुक्यात टाका, रद्दीत मिसळू नका. दुकानातली गुळगुळीत छापील बिलं रसायन लावलेल्या कागदाची असतात, तीही रद्दीत नको. नव्या टीव्हीबरोबर आलेला थर्माकोल माल बसवायला आलेल्या माणसाकडेच परत द्या. मावशींच्या ढकलगाडीत तो वजन शून्य आणि जागा सगळी, अशा हिशेबाने बसतो. कपडे, गाद्या, मोडकं फर्निचर रोजच्या कचऱ्यात नाहीच. ‘स्वच्छ’ची व्ही-कलेक्ट मोहीम अशा वस्तू गोळा करते, तिची तारीख ठरवून मगच घरं आवरायला सांगा, नाहीतर दिवाळीच्या आधी गादी जिन्यात महिनाभर पडते. फरशी फोडल्याचा राडारोडा तर कुठल्याच डब्यात नाही.

फुटलेली काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहून, हातात वेगळी द्यायची. डब्यात टाकायची नाही, गुंडाळलेली असली तरी.

ओल्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावणं हे डबा परत येण्याचं दुसरं मोठं कारण. तळाला वर्तमानपत्राचे दोन पदर घातले की डबा चिकट होत नाही. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या हिरव्या पिशव्यांवर विसंबू नका. त्या कुजायला कारखान्यातल्या प्रक्रियेसारखं टिकाऊ तापमान लागतं, सोसायटीच्या खड्ड्यात त्या महिनोन् महिने तशाच सापडतात. निर्माल्यातली फुलं ओल्यात, पण दोरा, जरी आणि प्लास्टिकच्या टिकल्या काढून.

नव्या नियमांत डबे दोन नाहीत, चार प्रवाह आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’. प्रत्येक घरात चार बादल्या ठेवा असा याचा अर्थ नाही. सॅनिटरी कचरा रोज हातात वेगळा जातो, विशेष काळजीचा महिन्यातून एकदा. घरात दोन डबे आणि कपाटावर झाकणाचा एक खोका, एवढ्याने भागतं.

पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचक संघटनेने ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली, त्यामागचं कारण रोकडं आहे : ठिपका नसला की पुडीत काय आहे ते कळायला ती उघडावी लागते. डायपरमधली शी आधी संडासात टाका, डायपर आतल्या बाजूने गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा, मग कागद. काळी पिशवी नको, ती बाकीच्या कचऱ्यात हरवते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर दिवसाला तीन-चार होतात आणि ओले झाले की जड असतात. त्या घराने मावशींशी आधी बोलून झाकणाची स्वतंत्र बादली ठेवावी. समितीत कुणी जिन्याखाली पॅड जाळायचं छोटं विजेचं यंत्र सुचवेल. पॅड नीट जळायला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं. त्याखाली प्लास्टिक धुमसतं आणि त्याचा विषारी धूर जिन्यातच कोंडतो. घेऊ नका.

विशेष काळजीच्या खोक्यात औषधं, रंगाचे डबे, कीटकनाशकं, सीएफएल, ट्यूब, पाऱ्याचे थर्मामीटर, सेल. मुदत संपलेली औषधं संडासात ओतायची नाहीत. गोळ्या पाकिटातच राहू द्या. इन्शुलिनच्या सुया शाम्पूच्या जाड बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ लिहा. घरात मधुमेही नाही असा मजला क्वचितच असेल, पण या सुया सुक्या कचऱ्यात सर्रास सापडतात आणि बोटात घुसतात. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा आणि बारीक चुरा चिकटपट्टीने उचला. केरसुणी किंवा व्हॅक्युम क्लीनर चालवला तर पारा पसरतो. सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, जुन्या थर्मामीटरमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या पुढे. म्हणून जास्त जपायचा तो थर्मामीटर, ज्याची कुणाला आठवणही नसते. मोबाइल, चार्जर, इस्त्री हा ई-कचरा. तो अधिकृत संकलन केंद्रावरच द्या. फुगलेली मोबाइल बॅटरी खोक्यात इतर वस्तूंबरोबर ठेवू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकर पोचवा, ती दाबली गेली तर पेट घेते.

खतखड्ड्यांकडे येऊ. वास येतो म्हणजे खड्डा बिघडलाय एवढंच कळतं. काय बिघडलंय ते वासाच्या जातीवरून कळतं. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, पाणी जास्त आहे. मुतारीसारखा तिखट, डोळ्यांना झोंबणारा असेल तर नत्र जास्त आणि पालापाचोळा कमी. आंबट असेल तर शिळं अन्न, भात, भाकरीचे गोळे एका जागी साचलेत. तिन्हींवर उपाय जवळपास एकच, सुकं घालून उलथणं, पण प्रमाण वेगळं. आणि यांतल्या कशावरही फिनेल ओतू नका. सफाई कामगार सवयीने ओततात, समितीला वाटतं स्वच्छता झाली. प्रत्यक्षात कुजवणारे जिवाणू मरतात आणि आठवड्याने वास दुपटीने येतो.

तुमच्याकडे रोज घरटी ६०० ग्रॅम धरला तर साधारण ५० किलो ओला कचरा निघतो. घनफळात दोन भाग ओल्याला एक भाग सुकं हवं : वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, कोकोपीट. वजनात पाहिलं तर ५० किलोला कोकोपीट किंवा भुसा पाच ते सात किलो. सुक्या पानांचा साठा उन्हाळ्यात करून ठेवा. फेब्रुवारी ते मे झाडं पानं गाळतात तेव्हा सोसायट्या ती पेटवतात किंवा पोती भरून बाहेर ठेवतात, आणि जुलैत कोकोपीट विकत आणतात. पानं जाळायला मनाईच आहे. वीस-पंचवीस पोती छपराखाली रचून ठेवली की पावसाळा निघण्याची शक्यता बरीच वाढते.

ओलावा तपासायला यंत्र नको. मूठभर माल दाबा : बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुकं घाला, मूठ उघडताच माल विस्कटला तर पाणी शिंपडा. कोबीच्या आख्ख्या पानांचा, कलिंगडाच्या मोठ्या सालांचा ढीग टाकला तर आतून हवा फिरत नाही. दोन इंचांपेक्षा मोठं काही जाऊ देऊ नका. खड्डा खरोखर जमिनीतला, चारही बाजूंनी प्लास्टर केलेला असेल तर मूळ दोष तोच. हवेला वाट नाही. त्याऐवजी जमिनीवर विटांचे, मधे फटी सोडलेले, किंवा जाळीचे कप्पे करा, एक मीटर लांब, रुंद, उंच. असा एक कप्पा तुमच्या कचऱ्याला दहा-बारा दिवस पुरतो, कारण माल रोज खाली बसत जातो. सहा कप्पे लागतील : पाच चक्रात, सहावा उलथायला रिकामा. एकाच कप्प्यात रोज वरून टाकत राहिलात तर खालचं खत झालेलं आणि वरचं ताजं, काढायचं कधी हाच प्रश्न उरतो.

रोजचा क्रम असा : तळाला वीतभर काड्या आणि जाड पानं, त्यावर ओलं, त्यावर लगेच दोन इंच सुकं, ओल्याचा एकही तुकडा दिसता कामा नये. नव्या कप्प्यात आधीच्या खताची दोन-तीन घमेली मिसळा, ते विरजणाचं काम करतं. विकतच्या पावडरी त्यापुढे फारसं काही जास्त देत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी उलथा. दोन-तीन दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जायला हवं. लोखंडी सळई मधोमध पाच मिनिटं खुपसून बाहेर काढा. धरवत नसेल तर काम चालू आहे. कोमट असेल तर ओलावा, हवा किंवा नत्र, काहीतरी कमी-जास्त आहे.

अळ्यांचं म्हणाल तर आधी बघा कुठल्या. चपट्या, करड्या-तपकिरी, दीड-दोन सेंटिमीटरच्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात, रोग पसरवत नाहीत. फक्त दिसायला नकोशा. पांढऱ्या, बारीक, वळवळणाऱ्या असतील तर घरमाशीच्या, आणि याचा अर्थ वरचा सुका थर नीट पडत नाही. तो थर तीन इंच करा, कडेचा माल मधल्या गरम भागात ढकला. उष्णतेत अळ्या टिकत नाहीत. चुना टाकायचा सल्ला मिळेल, पण चुन्याने नत्र वायू होऊन उडतं आणि तो तिखट वास आणखी वाढतो.

तळातून काळं पाणी येत असेल तर ते गटारात सोडू नका, झाडांनाही थेट घालू नका, मुळं करपतात. भुशावर शोषून परत वरच्या थरात टाका. करवंट्या, शहाळी, आंब्याच्या कोयी, हाडं दोन महिन्यांत कुजत नाहीत. शहाळी कापायचं यंत्र नसेल तर ती वेगळी द्या. कोयी चाळणीवर निघतात, त्या पुढच्या कप्प्यात परत घाला.

साधारण ४५ दिवसांनी माल काळपट, भुसभुशीत होतो. मग उलथणं थांबवून पंधरा दिवस तसाच ठेवा. झालं का ते तपासायला मूठभर खत ओलं करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसानंतरच्या मातीचा वास आला तर तयार, आंबट आला तर अजून आठवडा. रोजच्या ५० किलोंतून महिन्याला साधारण २०० ते ३०० किलो खत निघेल. तुमच्या बागेला तेवढं लागणार नाही, तेव्हा आधीच सदस्यांना पाच-पाच किलोच्या पिशव्या वाटायचं ठरवा, उरलेलं जवळच्या रोपवाटिकेला.

राहता राहिली भांडणं. मोठ्या सभेत सगळ्यांना एकदम शिकवू नका, फार कुणी ऐकत नाही. दोन आठवडे रोज एक मजला घ्या. डबा घरच्यांसमोर उघडा आणि परत जाणाऱ्या डब्यावर कारणाची चिठ्ठी चिकटवा : ‘दही न विसळलेलं’, ‘ओल्यात पिशवी’. नुसतं ‘मिश्र कचरा’ लिहिलं की समोरचा वाद घालतो. नावांची यादी सूचनाफलकावर लावू नका, त्याने चूक झाकायची सवय लागते. आणि ज्या घरांत भांडी-केर करायला ताई येतात तिथे कचरा खरं तर त्याच टाकतात. मालकिणीला पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही. चित्रांचा, मराठी-हिंदीतला एक कागद सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि तो त्यांना तुम्ही स्वतः समजावून सांगा. हे सुरू करण्याआधी मावशींनाच विचारा की सर्वांत जास्त त्रास कुठल्या तीन गोष्टींचा होतो, आणि पहिल्या आठवड्यात तेवढ्या तीनच हाती घ्या.